नळापासून ओठांपर्यंतचे पाणी

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात बडोद्यात झालेल्या कृतज्ञता-मेळाव्यात एका माजी विद्यार्थिनीने केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात ‘आपली माणसे’ या विषयावर मी बोलावे, अशी समितीची आज्ञा झाली. निवृत्त बँक कर्मचाऱ्याला हिशेब मांडता येतो, भाषण करता येतेच असे नाही. तेव्हा मी हिशेबच मांडणार आहे. त्यात एक जुनी चूक आहे. ती दुसऱ्या कोणाची नसून माझी आहे. साठ वर्षांच्या खातेवहीत ती दुरुस्त करून घ्यावी, एवढ्यासाठीच मी येथे उभी आहे.

आपल्यापैकी जे ज्येष्ठ आहेत, त्यांना शाळेची पहिली जागा आठवत असेल. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये झाली. बडोद्यातील मराठी कुटुंबे होती तेथेच राहिली. आपल्या मुलांना आपल्या भाषेत शिकता यावे, या इच्छेने काही मंडळी एकत्र आली आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत दांडिया बाजाराच्या बाजूच्या एका वाड्यात शाळेचे पहिले तीन वर्ग भरू लागले. दोन वर्ग ओसरीवर, एक माडीवर. दोन बाई, एक सर आणि एक शिपाईकाका. घंटा म्हणून रुळाचा एक तुकडा दोरीने टांगलेला असे. पावसाळ्यात ओसरीचे दोन्ही वर्ग भिंतीकडे सरकत आणि मग पाढे कोणत्या वर्गाचे आणि कविता कोणत्या वर्गाची, हे कळेनासे होई.

त्या वाड्याच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहत होतो. शाळेत पाण्याची सोय नव्हती. वाड्याला नळ एकच, आणि त्याला पहाटे दीड-दोन तास पाणी. माझी आजी पहाटे पाचला उठून आधी शाळेचे दोन माठ भरी आणि मग घरचे पाणी भरी. तांब्याच्या घागरीवर पांढरे फडके बांधून ती पाणी गाळून घेई. माठाजवळ एक लांब दांड्याचे ओगराळे टांगलेले असे. मधल्या सुट्टीत मुले ओंजळ करून रांगेत उभी राहत आणि आजी ओगराळ्याने वरून पाणी घाली. हे तिने सलग नऊ वर्षे केले. शाळा स्वतःच्या इमारतीत गेली, तेव्हाच ते काम थांबले. मुले तिला ‘पाणीवाली आजी’ म्हणत. मला ते नाव आवडत नसे, हेही आजच सांगून टाकते.

आता माझी चूक सांगते.

शाळेचा रजत महोत्सव झाला, तेव्हा स्मरणिकेच्या कामात मी होते. तिशीतली, नोकरीत स्थिरावलेली, कामाचा उत्साह भरपूर. ‘शाळेचे साहाय्यक’ या शीर्षकाची यादी माझ्याकडे होती. यादीत कोणाला घ्यायचे याचा नियम आम्ही ठरवला. रुपये एकशे एक किंवा त्याहून अधिक देणगी देणारे, अथवा शाळेला वस्तुरूपाने काही दिलेले. बाके, घड्याळ, नकाशे, ग्रंथालयाचे कपाट, सारे त्यात बसले. आजीचे नाव घालावे असे एकदा मनात आले. पण पाणी भरणे ही काय देणगी झाली? शिवाय आपल्याच घरचे नाव आपणच घालायचे, हे बरे दिसले नसते. मी ते घातले नाही.

स्मरणिका छापून आली. आजी तेव्हा ऐंशीच्या घरात होती, दृष्टी अधू झाली होती. तिने मला ती यादी मोठ्याने वाचायला लावली. सगळी नावे तिने शांतपणे ऐकली. मधूनच “हो, भला माणूस,” असे म्हणत होती. यादी संपली. थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “शिपायांचे नाव राहिले का गं?”

स्वतःच्या नावाबद्दल तिने विचारले नाही. तिच्या मनात ते आलेच नसावे. शिपाईकाका रोज सकाळी आणि संध्याकाळी सोळा-सतरा लहान मुलांना रस्ता ओलांडून देत, तापलेल्या मुलाला खांद्यावर टाकून घरी पोचवत. आमच्या नियमाने तेही ‘साहाय्यक’ ठरले नव्हते. पगारी होते ना!

त्यानंतर तीन वर्षांनी आजी गेली. सांत्वनाला शाळेच्या पहिल्या मुख्याध्यापिका बाई आल्या होत्या. त्यांनी त्या दिवशी मला एक गोष्ट सांगितली. वाड्यातील दुसऱ्या वर्षी शाळेत सर्व समाजांतील मुले येऊ लागली होती. एके दिवशी दोन पालक बाईंकडे आले. काही मुलांसाठी पाण्याचा माठ वेगळा ठेवावा, असे त्यांचे म्हणणे होते. ती माणसे वजनदार होती. शाळा नवी, पटावर मुले मोजकी. चार मुले काढून नेली असती तर एक वर्ग बंद पडला असता. बाई अडचणीत सापडल्या. त्यांनी विचार करायला एक दिवस मागून घेतला. हे सारे बोलणे माठाजवळ बसलेल्या आजीच्या कानावर पडले. ती उठून आली आणि त्या पालकांना म्हणाली, “माठ दोनच आहेत. एक रिकामा झाला की दुसरा उघडते. तिसरा भरायला माझ्या अंगात बळ नाही. वेगळा हवा असेल, तर पहाटे पाचला येऊन तुम्हीच भरा.”

कोणी आले नाही. मुलेही कोणी काढली नाहीत. बाई म्हणाल्या, “माझा एक दिवसाचा विचार तुझ्या आजीने वाचवला.”

हा प्रसंग शाळेच्या कोणत्याही अहवालात नाही. मी त्याच घरात वाढले, त्याच माठाचे पाणी प्यायले आणि तरी मला तो ठाऊक नव्हता. मी नाव गाळले, याचे मला दुःख आहेच. परंतु त्याहून मोठी खंत ही की, नाव घातले असते तरी त्यापुढे मी काय लिहिले असते? फार तर ‘पाण्याची सोय’. तिने नेमके काय केले, हे विचारण्याची बुद्धी मला झाली नव्हती.

मित्रहो, पुढे नोकरीच्या बदलीने मी तीन वर्षे अमरेलीला होते. बडोद्याच्या माणसाला अमरेली परकी नाही. तो जुन्या बडोदे संस्थानाचाच काठेवाडातील प्रांत. १८९३ साली महाराज सयाजीराव गायकवाडांनी सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा पहिला प्रयोग केला तो अमरेली तालुक्यात, आणि १९०६ साली ते शिक्षण सर्व संस्थानात लागू केले. त्यानंतर पाच वर्षांनी, १९११ साली, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानासाठी अशाच धर्तीचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. ते मंजूर झाले नाही. देशातील सर्व मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला आणि २०१० च्या एप्रिलपासून अमलात आला. अमरेलीच्या प्रयोगानंतर शंभराहून अधिक वर्षांनी! कवळाण्यातील शेतकरी कुटुंबातून वयाच्या बाराव्या वर्षी गादीवर आलेल्या राजाची ही दृष्टी आठवली की काळ्या घोड्यापाशी आजही आपले हात आपोआप जोडले जातात.

पण तो कायदा गावात पोचवला कोणी? नांगर धरू लागलेल्या मुलाला शाळेत पाठवा, असे बापाला जाऊन सांगितले कोणी? कोणा प्राथमिक शिक्षकानेच ना? त्याचा पुतळा कोठे आहे?

अमरेलीच्या आसपासच्या गावांत वेशीवर, तळ्याकाठी उभे दगड दिसतात. त्यांना तिकडे पाळिया म्हणतात. गाव किंवा गुरे राखताना जे पडले, त्यांची ती स्मारके. वर सूर्य-चंद्र कोरलेले, खाली घोड्यावरचा वीर. घरचे लोक सणावाराला येऊन दगडाला शेंदूर लावून जातात. आपल्या महाराष्ट्रात गावोगावी वीरगळ आहेत, त्यांचेच हे भाऊबंद. वीरगळावर बहुधा अक्षर नसते. खालच्या चौकटीत पडलेला वीर, तिच्यावर लढाई, कधी बाजूला गुरे, त्याहून वर अप्सरा त्याला नेत आहेत आणि सर्वांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसला आहे. त्याचे नाव आपल्याला कळत नाही. त्याने काय केले, हे मात्र सात-आठशे वर्षांनंतरही निरक्षर माणसाला वाचता येते.

आपल्या शाळेच्या प्रवेशदाराशी संगमरवरी फलक आहे. त्यावर नावे सुबक आहेत, रकमाही आहेत. कोणी काय केले, हे त्यावर नाही. वीरगळावर कर्म आहे आणि नाव नाही. आपल्या फलकावर नाव आहे आणि कर्म नाही. त्या फलकाखालून रोज ये-जा करणारी मुले तो वाचत नाहीत, यात मुलांचा दोष नाही.

दुसरे उदाहरणही माझ्याच घरचे देते. १९९६ साली माझी आई गेली. आम्हा भावंडांनी तिच्या स्मरणार्थ शाळेकडे पाच हजार रुपयांची ठेव दिली. सातवीत मराठीत पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला त्या व्याजातून पारितोषिक. तेव्हा मुदत ठेवीवर बारा टक्क्यांच्या आसपास व्याज मिळे. वर्षाला सहाशे रुपये. त्यात शब्दकोश आणि दोन-तीन चांगली पुस्तके येत. आज सहा-सात टक्के धरले, तर साडेतीनशेच्या आत-बाहेर होतात. त्यात एक धड पुस्तक मिळणे कठीण. मागच्या वर्षी त्या बक्षिसाचा मानकरी मला जिन्यात भेटला. मी विचारले, “बाळ, ज्यांच्या नावाचे बक्षीस आहे, त्या कोण होत्या?” तो गोंधळला. म्हणाला, “बहुतेक कोणीतरी मोठ्या असतील.”

माझी आई मोठी नव्हती. चौथीपर्यंत शिकलेली होती. आमची प्रगतिपुस्तके तिला धड वाचता येत नसत. पण शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी लागणारे नऊवारी लुगड्यांचे, फेट्यांचे गाठोडे तिच्याकडे असे. दर वर्षी ते धुऊन, कडुनिंबाचा पाला घालून ती ठेवी. ज्या घरात मुलीला नाटकात पाठवायला नकार असे, तेथे ती स्वतः जाई आणि “माझ्या मुलीबरोबर येईल, माझ्याबरोबरच परत येईल,” असा शब्द देई. त्यातील तीन मुली आज या सभागृहात बसल्या आहेत. हे त्या मुलाला मी सांगितले. तो लक्ष देऊन ऐकत होता. जाताना म्हणाला, “हे बक्षिसाबरोबर लिहून द्यायला पाहिजे होते.”

सातवीतल्या मुलाने जे सांगितले, ते आम्हा मोठ्यांना इतक्या वर्षांत सुचले नाही.

आपल्याकडे श्राद्धात तीन पिढ्यांची नावे घेतात. वडील, आजोबा, पणजोबा. त्यापलीकडची माणसे नावाने उरत नाहीत. पितृपक्षात आप्त, गुरू, मित्र यांचेही स्मरण केले जाते. ज्यांची तिथी ठाऊक नाही, त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या राखून ठेवलेली आहे. श्राद्ध कोणी करावे, कोणी करू नये, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. पण त्या रचनेत एक सत्य आहे. माणसाची आठवण तिसऱ्या पिढीपर्यंत टिकते, पुढे ती आपोआप टिकत नाही. शाळेच्या आयुष्यात साठ वर्षे म्हणजे तीन पिढ्या. आजी, आई आणि नात, तिघीही याच शाळेच्या, अशी घरे आपल्यात आहेत. पहिल्या पिढीला पाहिलेले डोळे अजून आपल्यात आहेत. आणखी दहा वर्षांनी ते असतीलच, असे नाही. म्हणून जे करायचे ते या वर्षीच केले पाहिजे.

माझी समितीला तीन नम्र विनंत्या आहेत.

पहिली. शाळेत स्मरणार्थ दिल्या जाणाऱ्या प्रत्येक पारितोषिकाबरोबर त्या व्यक्तीविषयी आठ-दहा ओळींचा मजकूर असावा आणि तो समारंभात वाचला जावा. ‘थोर’, ‘प्रेमळ’, ‘आदर्श’ हे शब्द त्यात नसले तरी चालतील. त्यांनी केलेली एक गोष्ट असावी. ठेव देणाऱ्या घरांनी तो मजकूर स्वतः लिहून द्यावा आणि जमल्यास ठेवीतही भर घालावी. आमच्या घरापासून मी सुरुवात केली आहे.

दुसरी. आठवी-नववीच्या मुलांनी या वर्षी जुन्या विद्यार्थ्यांना, शिक्षकांना, शेजाऱ्यांना भेटून त्यांच्या आठवणी मराठीत लिहून काढाव्यात. मुलांना यात भाषेचा जेवढा अभ्यास घडेल, तेवढा निबंधाच्या वहीत घडणार नाही. आणि फक्त मराठी घरांतच जाऊ नका. आपल्या मुलांना परीक्षेच्या दिवसांत चहा-बिस्किटाचे पैसे न घेणारे कोपऱ्यावरचे गुजराती काका, सायकलचे पंक्चर काढून “पैसे उद्या दे” म्हणणारे आणि तो उद्या कधीच न मागणारे चाचा, हेही या शाळेचे साहाय्यकच. परमुलखात आपली भाषा टिकते ती एकट्या आपल्या अभिमानावर नव्हे. शेजारी ती टिकू देतात, म्हणूनही टिकते.

तिसरी विनंती जिवंत माणसांविषयी आहे. फोटोला हार घातला की आपले काम संपले, असे आपल्याला वाटते. ऑगस्ट २०२४ च्या पुराचे पाणी आपल्या कार्यालयात शिरले, हे आपणा सर्वांना माहीत आहे. शाळेचे पहिल्या वर्षापासूनचे जनरल रजिस्टर मात्र कोरडे राहिले. ते कसे राहिले, हे फार थोड्यांना माहीत आहे. शाळेची सफाई करणाऱ्या आपल्या ताईंनी पाणी चढू लागताच खालच्या कपाटातील रजिस्टरे पाच-सहा खेपा करून वरच्या मजल्यावर नेली. त्यानंतर त्या स्वतःच्या घराकडे गेल्या. तोवर त्यांच्या घरात गुडघाभर पाणी झाले होते. ताईंची मातृभाषा मराठी नाही, आणि रजिस्टरातील अक्षरही त्यांना वाचता येत नाही. “का नेलीत?” असे मी काल विचारले, तेव्हा म्हणाल्या, “त्यात पोरांची नावे आहेत ना, बेन.” आज येथे हे सांगण्याची परवानगी मी त्यांच्याकडून घेतली आहे. त्या मागच्या रांगेत बसल्या आहेत. पुरात रजिस्टरे गेली असती, तर आपल्यापैकी कित्येकांच्या पहिल्या दिवसाची खूण पुसली गेली असती. हीरक महोत्सवी अंकात त्यांचे नाव आणि हे काम दोन्ही छापावे.

पालकहो, शेवटचे दोन शब्द आपल्यासाठी. पटसंख्या घटत आहे, हे गुपित राहिलेले नाही. शेजारच्या सर्व मुलांच्या दप्तरांवर इंग्रजी शाळांची नावे असताना आपण आपले मूल येथे पाठवता. नातेवाईक प्रश्न विचारतात, कधी आपल्यालाही रात्री शंका येते. माझ्या मुलाच्या वेळी मलाही ती आली होती. आज आपण करीत आहात, ते साठ वर्षांनी कोणाला तरी सांगावेसे वाटेल अशी माझी खात्री आहे. शाळेनेही आपला विश्वास सार्थ करून दाखवावा, शिकवण्यात कोठेही उणे पडू देऊ नये. कारण ज्या माणसांचे आपण स्मरण करीत आहोत, त्यांनी हे सारे फलकासाठी केले नव्हते. शाळा चालावी म्हणून केले होते. शाळा चांगली चालवणे हेच त्यांचे पहिले स्मारक.

आजवा तलावाचे पाणी महाराजांनी या शहरात आणले. त्यासाठी धरण बांधले, नळ घातले. ते काम इतिहासात नोंदले गेले आणि ते योग्यच झाले. नळापासून मुलांच्या ओठांपर्यंतचे शेवटचे वीस पावलांचे अंतर मात्र कोणाला तरी पहाटे उठून रोज चालावे लागते. आपल्या प्रत्येकाच्या घरात असे चालणारे कोणीतरी होते, आजही आहे. आज घरी गेल्यावर त्यांच्याजवळ बसा आणि “तुम्ही काय काय केलेत, ते सांगा,” असे त्यांना विचारा. मी विचारले नव्हते.

शाळेच्या ‘साहाय्यक’ यादीत पस्तीस वर्षे उशिरा का होईना, दोन नोंदी करून घ्याव्यात. एक, शिपाईकाका. रोज मुलांना रस्ता ओलांडून दिला. दुसरी, पाणीवाली आजी. नऊ वर्षे माठ भरले आणि तिसरा माठ भरायला नकार दिला.